मालहाताळणीची प्रदर्शने आणि आपला समाज

(ज्ञातिसंघाच्या मंडणगड येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आजच्या व्याख्यानासाठी जो विषय आम्हांस नेमून दिला तो प्रथमदर्शनी ह्या व्यासपीठास काहीसा परका वाटेल. विद्यार्थ्यांचे वसतिगृह, लग्नातील खर्चास आळा, शिष्यवृत्तीचा निधी ह्या आपल्या नित्याच्या विषयांच्या पंक्तीत ‘माल उचलण्याच्या, वाहण्याच्या व रचण्याच्या यंत्रांची व्यापारी प्रदर्शने’ हे पान कोठे मांडावयाचे, असा प्रश्न कित्येकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. ज्या समाजाच्या दोन-तीन पिढ्यांनी डोक्यावर आणि पाठीवर ओझे वाहून घरे उभी केली, त्या समाजास ओझे वाहण्याची रीत कशी बदलत चालली आहे हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. ती बदलते आहे हे सर्वांच्या आधी जेथे दिसते, ती जागा म्हणजे ही प्रदर्शने होत.

आपला मंडणगड तालुका रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा. उत्तरेस सावित्री नदी, पश्चिमेस समुद्र, मध्ये डोंगर. मुंबई-गोवा महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला नाही. १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेही आपल्याला टाळूनच गेली. परंतु रस्त्यांच्या व रेल्वेच्या पूर्वी हाच मुलूख वाहतुकीच्या तोंडाशी होता. १७५६ च्या तहाने इंग्रजांनी बाणकोट आपल्याकडे घेतले, ते काही तेथील देखाव्यासाठी नव्हे. ह्याच खाडीतून म्हाप्रळ, दासगाव, महाडपर्यंत गलबते व मचवे जात. धक्क्यास गलबत लागले की भाताच्या गोणी, मीठ, कौले जे काही असेल ते उतरविण्यास एकच यंत्र होते : माणसाचे डोके, डोक्यावरची चुंबळ, आणि गलबतापासून काठापर्यंत टाकलेली एक फळी. पुढे आपली माणसे मुंबईस गेली, तेथेही यंत्र तेच राहिले. १८८० साली प्रिन्सेस गोदी, १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी, १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खुली झाली. जहाजातून माल क्रेनने धक्क्यावर उतरे; परंतु जहाजाच्या पोटात तो क्रेनच्या जाळीत भरावयाचा, आणि धक्क्यावर तो सोडवून वखारीत रचावयाचा, तो माणसाच्या हातांनीच. त्या हातांत कोकणातले हात पुष्कळ होते.

आता ‘मालहाताळणी’ ह्या शब्दाचा अर्थ आपल्या घरच्या उदाहरणाने पाहू. बागेत आंबा झेल्याने उतरविला की तो डालग्यात पडतो. डालगे उचलून मांगरात येते. तेथे प्रतवारी होऊन फळ पेटीत भरले जाते. पेटी डोक्यावरून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून टेंपोत, वाशीच्या बाजारात टेंपोतून गाळ्यावर, गाळ्यावरून खरेदीदाराच्या गाडीत, आणि तेथून दुकानात जाते. मोजून पाहिले तर एक पेटी निदान सहा वेळा उचलली जाते व सहा वेळा ठेवली जाते. ह्या बारा क्रियांपैकी एकीनेही आंब्याची गोडी कणभर वाढत नाही. उलट प्रत्येक ठेवण्याबरोबर फळास दणका बसण्याचा संभव आणि प्रत्येक उचलण्याबरोबर कोणाच्या तरी कंबरेचा झिजण्याचा क्रम चालू राहतो. मालहाताळणीच्या साऱ्या शास्त्राचा सारांश एका वाक्यात सांगावयाचा तर तो असा : माल जितक्या कमी वेळा उचलावा लागेल तितके बरे, आणि उचलावाच लागला तर एकेक नग न उचलता अनेक नग एकत्र उचलावेत.

हे तत्त्व ज्याने जगास पटविले त्या मनुष्याचा मूळ धंदा ट्रकवाहतुकीचा होता. माल्कम मॅक्लीन ह्या अमेरिकन गृहस्थाने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर ५८ पोलादी पेटारे चढवून ते न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडले. सुटा माल जहाजावर चढविण्यास त्या वेळी टनामागे सुमारे ५ डॉलर ८६ सेंट खर्च येई. पेटाऱ्यांच्या ह्या रीतीने तो १६ सेंटांच्या आत आला. ह्या एका आकड्यात जगातील सर्व बंदरांचे भवितव्य लिहिलेले होते. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कालांतराने देशाच्या कंटेनर वाहतुकीचा मोठा वाटा तेथे गेला. मुंबईच्या जुन्या गोद्यांतील ज्या कामावर आपल्या कित्येक कुटुंबांची चूल पेटत होती ते काम ओसरले. १९५६ आणि १९८९ ह्यांमध्ये तेहतीस वर्षांचे अंतर आहे, हे ध्यानी घ्यावे. म्हणजे बदल अचानक कोसळला नव्हता; एका पिढीइतका काळ तो दुरून चालत येत होता. मात्र त्याची वार्ता ज्यांच्या पाठीवर ओझे होते त्यांच्यापर्यंत पोचविण्याची व्यवस्था कोणाजवळही नव्हती.

प्रदर्शने ही अशा वार्तेची व्यवस्था होय. त्यांचा इतिहासही उद्बोधक आहे. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या महालात जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले ते साठ लाखांवर लोकांनी पाहिले. आरंभी तिकिटे महाग होती. पुढे आठवड्यातील काही दिवशी दर एक शिलिंगावर आणल्यानंतर कारागीर आणि मजूर लोटले, व त्यासाठी गावोगाव वर्गणीची मंडळे निघाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट १८६७ सालची आहे. त्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनास लंडनच्या ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’ ह्या संस्थेने निरनिराळ्या धंद्यांतील निवडक कारागीर आपल्या व्यवस्थेने पाठविले आणि परत आल्यावर प्रत्येकाकडून आपापल्या धंद्यापुरता अहवाल लिहवून घेऊन तो ग्रंथरूपाने छापला. पाहणारा मालक नव्हता, सरकारी अधिकारी नव्हता. ज्याच्या हातात ते हत्यार उद्या यावयाचे तोच होता. ही गोष्ट आपण मनात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आपल्या मुंबईतही ह्या प्रदर्शनयुगाची खूण उभी आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांस खुले झाले. त्याचे मूळ अशाच प्रदर्शनांच्या निमित्ताने जमविलेल्या देशी मालाच्या व कारागिरीच्या संग्रहात आहे, आणि ते उभारण्यात डॉ. भाऊ दाजी व जगन्नाथ शंकरशेट ह्यांचा पुढाकार होता. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीने १९४७ च्या ऑगस्टमध्ये हॅनोव्हर येथे निर्यातीचे प्रदर्शन भरविले. सात लाखांहून अधिक लोक ते पाहावयास आले, आणि आजही हॅनोव्हरची जत्रा यंत्रव्यवसायाची एक मोठी पेठ समजली जाते. दिल्लीचे प्रगती मैदान १९७२ साली ‘एशिया ७२’ ह्या प्रदर्शनासाठी सज्ज झाले. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचे स्थान म्हणजे मुंबईत गोरेगावच्या पूर्वेस, द्रुतगती महामार्गालगतचे, नेस्कोचे प्रदर्शन केंद्र. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे भरणाऱ्या ‘लॉजीमॅट’ ह्या मालहाताळणीच्या प्रदर्शनाची भारतीय आवृत्ती २०२५ च्या फेब्रुवारीत ह्याच ठिकाणी भरली होती. मंडणगडहून रात्रीच्या एस.टी.ने निघालेला मनुष्य सकाळी जेथे पोचू शकतो, अशा जागी जगातील यंत्रे येऊन उभी राहतात, ही लहानसहान सोय नव्हे.

अशा प्रदर्शनात दिसते काय? सर्वांत साधे यंत्र म्हणजे हाताने ओढावयाची पॅलेट-गाडी. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फळीवर, म्हणजे पॅलेटवर, माल रचलेला असतो. गाडीचे दोन लांब दाते त्या फळीखाली सारावयाचे आणि दांडा वरखाली करून आतील तेलाच्या दाबाने फळी जमिनीपासून काही इंच उचलावयाची, की एक मनुष्य गुळगुळीत भूमीवर एक ते दोन टन माल ओढून नेतो. त्याच्या पुढची पायरी फोर्कलिफ्टची. ही गाडी आपल्याकडे नवीन नाही. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात १९६० च्या दशकापासून ती तयार होत आली आहे. तिचे मर्म तराजूच्या दांडीचे आहे. पुढील चाके हा टेकू, पुढे माल, मागे यंत्राचे स्वतःचे वजन. दोन टनांची गाडी दोन टन उचलते ती मालाचा भारमध्य दात्याच्या मुळापासून ठरलेल्या अंतरावर, बहुधा ५०० मिलिमीटरवर, असेल तरच. माल पुढे सरकला किंवा फार उंच नेला की तिची शक्ती घटते आणि गाडी नाकावर आपटण्याचा धोका उत्पन्न होतो. हे गणित ज्यास समजले तो चालक. ज्यास समजले नाही तो केवळ चाक फिरविणारा. ह्यांखेरीज छतापर्यंत चढणारी लोखंडी मांडणी, माल पुढे ढकलणारे पट्टे, चालकाविना हिंडणाऱ्या गाड्या, हेही तेथे असते व गर्दी बहुधा त्यांच्याभोवतीच जमते.

परंतु आम्ही स्पष्ट सांगतो की, प्रदर्शन ही पेठ आहे, पाठशाळा नव्हे. तेथील प्रत्येक यंत्र आरशासारख्या फरशीवर उभे असते, वीज अखंड असते, आणि चालविणारा कंपनीचा पटाईत माणूस असतो. आपल्या मांगरापुढे जांभ्या दगडाचा खडबडीत उतार असतो आणि पावसाळ्यात विजेची वाट पाहावी लागते. म्हणून आपल्या माणसाने प्रत्येक यंत्रापुढे उभे राहून काही ठरावीक प्रश्न विचारलेच पाहिजेत. उतारावर हे यंत्र थांबते काय? मोडले तर दुरुस्त करणारा माणूस चिपळूण-महाडपर्यंत येतो काय, व किती दिवसांत? सुटे भाग किती वर्षे मिळतील? चालविण्यास काय शिक्षण लागते, आणि ते कंपनी देते काय? आणि शेवटचा प्रश्न, जो विक्रेत्यास आवडत नाही : हेच यंत्र घेतलेला दुसरा गिऱ्हाईक कोण, आणि त्यास भेटता येईल काय?

ह्या प्रश्नांच्या चाळणीतून पाहिले की दृष्टी कशी बदलते त्याचे एक उदाहरण देतो. साधी पॅलेट-गाडी स्वस्त व मजबूत खरी. पण तिला बहुधा ब्रेक नसतो, आणि टनभर माल घेऊन ती उतारास लागली तर ओढणाराच तिच्यापुढे सापडतो. म्हणजे आपल्या बागेत ती घातक. उलट तेथेच एखाद्या कोपऱ्यात लोखंडी चौकटीत बसविलेल्या फिरत्या नळ्यांची घसरण ठेवलेली असते. तिला वीज लागत नाही, तेल लागत नाही. थोडा उतार मिळाला की पेटी आपल्याच वजनाने हलकेच पुढे जाते. तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. परंतु ज्या उताराने पॅलेट-गाडी निरुपयोगी केली तोच उतार ह्या साधनाचा इंधनसाठा आहे! जपानमधील डोंगरउतारावरच्या संत्र्यांच्या बागांत १९६० च्या दशकापासून एका रुळावर चढणारी लहान गाडी फळे वाहते. तेथील शेतकऱ्यांनी डोंगर सपाट केला नाही, डोंगरास शोभेल असे वाहन शोधले. आपल्या शेजारी कोलाड येथे कोकण रेल्वेने १९९९ पासून मालासकट ट्रकच वाघिणीवर चढवून गोव्याकडे नेण्यास आरंभ केला. ट्रकमधील एकही गोणी हलवावी लागत नाही. उत्तम मालहाताळणी नेहमी महागड्या यंत्रातच असते असे नाही, ती पुष्कळदा माल न हाताळण्यात असते.

आता ज्या आक्षेपाचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल, त्याकडे वळतो. आपल्यातील कित्येक बांधव आजही माथाडी आहेत. ते म्हणतील, “जे यंत्र आमचा घास घेणार, त्याच्या दर्शनास आम्हांलाच काय म्हणून बोलावता?” हा आक्षेप खोटा नाही. एक फोर्कलिफ्ट अनेकांचे काम करते, आणि त्या अनेकांपैकी एकासच तिच्या आसनावर बसावयास मिळते. यंत्र आले की सर्वांचे कल्याण झाले, असे सांगणारा मनुष्य एक तर यंत्र विकणारा असतो किंवा त्याने कधी गोणी उचललेली नसते. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. क्विंटलची गोणी पाठीवर घेणे हा एके काळी नित्यक्रम होता. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या भाराची मर्यादा ५५ किलोंवर आणण्याची शिफारस केली, ती अनेकांच्या मणक्यांचा हिशेब समोर ठेवूनच. ज्या बापाची कंबर पन्नाशीच्या आत गेली, त्याने आपल्या मुलाने तीच गोणी उचलावी अशी इच्छा धरल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही.

ह्यातून मार्ग कसा काढावा ह्याचाही धडा आपल्याच राज्यात आहे. अण्णासाहेब पाटील ह्यांनी माथाडी कामगारांस संघटित केले आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा महाराष्ट्रात झाला. त्यापूर्वी माथाडीस ना मालक होता, ना हजेरीपट. ह्या कायद्याने मंडळे स्थापन झाली. मजुरीबरोबर लेव्हीची रक्कम मंडळाकडे भरली जाऊ लागली व तीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार ह्यांची सोय झाली. ह्या कायद्याने ओझे हलके केले नाही. पण ओझे वाहणाऱ्यास नाव व हक्क दिला. यंत्राच्या युगातही पहिले पाऊल हेच आहे. आपल्या ज्या बांधवांची नोंदणी झालेली नाही त्यांनी ती करून घ्यावी, कारण बदलाच्या दिवशी ज्याचे नाव वहीत आहे त्याच्याशीच बोलणी होतात.

आणि बदल जवळ आलाच आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवाकर आला, जकात गेली, आणि व्यापाऱ्यांस जागोजागी लहान वखारी ठेवण्याऐवजी मोजक्या जागी मोठी कोठारे बांधणे परवडू लागले. भिवंडीच्या परिसरातील विस्तीर्ण गोदामे आपण येताजाता पाहतोच. सावित्रीच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यात, दिघी येथे औद्योगिक नगर उभारण्यास केंद्र सरकारने २०२४ साली मंजुरी दिली. त्याच वर्षी पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तेथील मच्छीमारांचा त्यास असलेला विरोध आपणांस ठाऊक आहे, आणि त्यांच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न हलका लेखण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु अशी कामे उभी राहतील तेव्हा तेथील क्रेनच्या खोलीत, कोठाराच्या हिशेबाच्या मेजावर आणि दुरुस्तीच्या शाळेत आपली मुले असतील, की केवळ फाटकाबाहेर रोजंदारीची वाट पाहत बसलेली असतील, हे आज ठरत आहे. पुन्हा तेहतीस वर्षे मिळतीलच असे नाही.

म्हणून ज्ञातिसंघापुढे आम्ही एक लहानसा प्रस्ताव ठेवतो. दर वर्षी मुंबईत भरणाऱ्या अशा एका प्रदर्शनास संघाने पाच माणसे पाठवावीत : एक माथाडी, एक बागायतदार, एक वाहनचालक, पेट्या भरण्याच्या कामावर असलेली एक भगिनी, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणारा एक विद्यार्थी. विद्यार्थी अठरा वर्षांवरील असावा, कारण लहानांस तेथे बहुधा प्रवेश नसतो. अशा व्यापारी प्रदर्शनांत धंद्यातील मनुष्यास आधी नाव नोंदविल्यास बहुधा शुल्क पडत नाही. म्हणजे खर्च उरला एस.टी.च्या भाड्याचा; मुक्काम मुंबई शाखेतील सभासदांच्या घरी होईल, आणि आपल्या घरी आलेल्या गाववाल्यास जेवू घातल्यावाचून कोणी परत पाठविल्याचे ऐकिवात नाही. परत आल्यावर पाचही जणांनी दोन-दोन पानांचा अहवाल लिहावा : काय पाहिले, काय आपल्या कामाचे, काय निरुपयोगी, व का. ज्यास लिहिण्याचा सराव नसेल त्याचे बोलणे विद्यार्थ्याने उतरून घ्यावे. ते अहवाल ह्याच स्मरणिकेत छापावेत. १८६७ साली लंडनच्या संस्थेने जे केले ते मंडणगडच्या संघास न झेपण्याजोगे मुळीच नाही.

शिक्षणनिधीतील पैसा असल्या कामी का खर्चावा, असे काही सभासद विचारतात. निधी कष्टाच्या वर्गणीचा आहे, तेव्हा विचारणे योग्यच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, वसतिगृहातील मुलगा पुस्तक वाचतो ते शिक्षण, तसेच चाळीस वर्षांच्या माथाड्याने यंत्राच्या पोटात डोकावून त्याचे मर्म जाणले तर तेही शिक्षणच. दोन वर्षे हा प्रयोग करावा. अहवालांतून एकाही कुटुंबाचा फायदा झाला नाही असे दिसल्यास तो खुशाल बंद करावा.

बागायतदार मंडळींस आणखी एक विनंती. एकट्याने काहीही विकत घेऊ नये. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून नळ्यांची एक घसरण एका हंगामापुरती करून पाहावी; पेटी किती वेळा उचलली आणि किती फळ डागी निघाले ह्याची आधीची व नंतरची नोंद भिंतीवर कोळशाने लिहिली तरी चालेल, पण लिहावी. विक्रेत्याच्या पत्रकापेक्षा ती नोंद अधिक विश्वासाची.

बंधुभगिनींनो, आपल्या वडिलांनी ओझे वाहिले त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. बाणकोटच्या फळीवरून व मुंबईच्या गोदीतून जो माल गेला त्याने हा प्रांत मोठा केला, आणि त्या मालाखाली आपली माणसे होती. त्यांचे ऋण फेडावयाचे तर पुढच्या पिढीच्या डोक्यावरचे ओझे उतरले पाहिजे, आणि ते उतरताना तिच्या हातातले कामही टिकले पाहिजे. ह्या दोन्ही गोष्टी एकदम साधणे कठीण आहे, म्हणूनच ते एकट्यादुकट्याचे काम नसून संघाचे आहे. आमचा प्रस्ताव कार्यकारी मंडळाच्या पुढील बैठकीत विचारास यावा अशी आमची विनंती आहे.